हसण्याचं पान

"हा कोण?"

मोरूदादाचा हा आवडता प्रश्न. ऑफिसात कुणीही चित्रात माणूस काढला की तो मागे येऊन उभा राहायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि स्क्रीनवर बोट ठेवून विचारायचा, "हा कोण?"

"कोण म्हणजे? आदिवासी आहे, गर्दीतला," प्राची म्हणायची. प्राची आमच्याकडची चित्रकार.

"नाव काय त्याचा?"

"दादा, दोन फ्रेमनंतर मरतो रे तो. त्याला कशाला नाव?"

"मरतो ना? मंग नाव पायजेच. कुनी नाय असा मानूस नसतो, पोरी."

मग प्राची वैतागून म्हणायची, बरं, याचं नाव गणपत. त्यावर दादाचं समाधान व्हायचं नाही. गणपतचं वय काय, गणपतला दमा आहे का, गणपत डावखुरा का उजवा. तोपर्यंत प्राचीचा चहा गार झालेला असायचा आणि गणपत मात्र खरोखरच कुणीतरी दिसायला लागलेला असायचा.

मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, वर आम्ही. मोबाइलवर वाचायची कॉमिक्स आम्ही बनवायचो. दर शुक्रवारी एक भाग यायचा. मी तिथली फुगेवाली. म्हणजे पात्रांच्या तोंडातून संवादाचे जे फुगे निघतात ते काढायचे, त्यांत अक्षरं बसवायची, आणि 'खर्रर्र', 'धडाम' असले आवाज जिथल्या तिथे टाकायचे. हे काम करणाऱ्या बाईकडे ऑफिसात कुणाचं फारसं लक्ष जात नाही. मला ते बरंच होतं, कारण सगळ्यांकडे बघायला वेळ मिळायचा.

मोरेश्वर तांडेल मढचा कोळी, आता कामासाठी इकडेच राहणारा. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने सुकट, आवाज मात्र समुद्रावर हाक मारल्यासारखा. पहिल्या दिवशी मी त्याला 'अहो सर' म्हटलं तर म्हणाला, "अहो सर तिकडं केबिनीन बसतात. मना दादा म्हन आनि तू म्हन." आमच्यात तो एकटाच असा होता, जो कागदावर शिकून मग स्क्रीनवर आला होता. त्यामुळे स्क्रीनची काच पुसलेली असली तरी तो अधूनमधून तिच्यावर फुंकर मारायचा. खोडरबराचा भुगा उडवायची जुनी सवय. आम्ही हसायचो. तोही हसायचा आणि पुन्हा फुंकायचा.

त्या आधी त्याने काय काय काढलं होतं ते ऐकण्यासारखं होतं. देवांची कॅलेंडरं, रंगवायची पुस्तकं, फटाक्यांच्या वेष्टनावरच्या बायका, टेम्पोच्या मागचे वाघ. नाव कशावरच नाही. हे तो गमतीने सांगायचा. "दिवालीन माज्या बाया फटाफट फुटतात, नि कुनाला पत्ता नाय," म्हणायचा. पण एकदा त्याचं एक जुनं कॅलेंडर इस्टेटीच्या वॉचमनच्या खुर्चीमागे लागलेलं त्याला दिसलं. तो तिथे बराच वेळ उभा राहिला. कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं आणि एका मिठाईवाल्याचं. त्या दिवशी जेवताना दादाने गंमत केली नाही. त्या माणसाला नावाची किती भूक होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

तर त्या वर्षी आमच्याकडे नवी मालिका सुरू झाली. भविष्यातलं एक पर्जन्यवन, जिथे बाराही महिने पाऊस. झाडांच्या मुळांखाली कसलंतरी मौल्यवान खनिज. ते काढायला एक कंपनी आभाळातून यंत्रं सोडते. जे जे अंग गरम लागेल ते ते यंत्रं शोधून कापून काढतात. जंगलात राहते काबोरा नावाची जमात. हे नाव आमच्या मालकांनी, निखिलसरांनी, एका फरशीच्या जाहिरातीवरून उचललं होतं. आणि मग अर्थातच शहरातून एक कमांडो येतो. तो नायक. मी घरी ही गोष्ट सांगितली तर माझी आई म्हणाली, "त्या बिचाऱ्यांका मारूक कित्याक व्हया? गोष्ट तुमचीच मां?"

यंत्रं काढायचं काम दादाकडे आलं. इतरांनी इंटरनेटवरून रोबो काढून ठेवले होते, दादा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आला. ॲल्युमिनियमचा, झाकणाचा, आत ओलं गोणपाट. उघडला तर जिवंत चिंबोऱ्या. "बगा," म्हणाला, "हिला मान नाय, म्हनून ती वलून बगत नाय. ती आली की आलीच. भीती त्याची वाटते." खेकड्याच्या चालीवरून त्याने ती यंत्रं अशी काढली की माझ्या अंगावर काटा आला. त्यातली एक चिंबोरी मात्र टेबलावरून उतरून थेट केबिनीत गेली. निखिलसर कुणाशी तरी फोनवर इंग्रजीत गोड बोलत होते, ते एकदम मराठीत ओरडले. तेव्हापासून ऑफिसात त्या खुनी यंत्रांना सगळे चिंबोऱ्याच म्हणायला लागले.

पण जमातीपाशी गाडी अडली. सरांनी फोटो पाठवले होते. पिसं, हाडांच्या माळा, रंगवलेली तोंडं. दादाने ते पाहिले आणि बंद केले.

"ही मानसा मना म्हायती नाय," म्हणाला. "खोटी होतील."

"मोरू, काल्पनिक जमात आहे. खोटीच असते," सर म्हणाले.

"जंगल खोटा चालल. यंत्र खोटा चालल. मरनारा मानूस खोटा चालत नाय. आमच्या वाड्यातली मानसा काढतो."

आणि त्याने तसंच केलं. काबोरा जमातीला मढच्या कोळीवाड्याचे चेहरे मिळाले. जमातीची म्हातारी प्रमुख म्हणजे दादाची हिराआत्या. दादाची आई लवकर गेली, त्याला या आत्यानेच वाढवलेलं. तिचा मुलगा बाला, म्हणजे दादाचा आतेभाऊ, हा जमातीचा शिकारी. शिवाय शेजारचे, पाजारचे, व्याही, भांडलेले, बोलत असलेले, सगळे.

एका रविवारी दादा मला आणि प्राचीला मढला घेऊन गेला. वेसाव्याहून तर, म्हणजे खाडीची फेरीबोट, पकडून पलीकडे. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचे दिवस होते, होड्या वर ओढून निळ्या प्लास्टिकखाली झाकलेल्या, आणि पुरुष माणसं रिकामी. दादाची कामाची पद्धत अशी की तो मनाने काढायचा नाही. माणूस समोर पडायला हवा, तरच तो पडलेला माणूस काढणार. शेवटच्या भागात चिंबोऱ्या अख्ख्या जमातीला गाठतात, तेव्हा अख्खी जमात चिखलात आडवी हवी होती.

मला वाटलं होतं लोक लाजतील. छे! मढला बंगल्यांवर शूटिंग सतत चालू. गावकरी हवे, मच्छीमार हवे, दंगलीतली प्रेतं हवी, की ठेकेदार कोळीवाड्यात येतो. ही माणसं मरण्यात मुरलेली होती. हिराआत्या पुरात मेली होती, पटकीत मेली होती, डाकूंच्या हातून तर अनेकदा मेली होती. चिखलाच्या कडेला उभी राहून ती दादाला सूचना करत होती.

"मना पालथी नको पाडू रं. चेहरा दिसाला पायजे."

"आत्या, पाठीवर वार हाय."

"मंग वार बदल!"

बाला इतका सुरेख मेला की प्राचीने टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी मरताना तंबाखू थुंकली, त्यांना पुन्हा मरावं लागलं. मी आयुष्यात इतकी हसले नसेन.

पण मरायला पडण्याआधी आत्याने दादाला एक गोष्ट विचारली होती, आणि तेव्हा कुणीही हसत नव्हतं.

"हसना हाय ना शेवटाला?"

"हाय आत्या. शेवटचा पान तोच हाय."

मला कळेना. मग आत्यानेच सांगितलं. सिनेमात मरणाचा सीन दिला की नंतर कॅमेऱ्यासमोर हसायचं असतं. युनिटवाले विसरले तरी मढची माणसं विसरत नाहीत, हसल्याशिवाय जागेवरून उठत नाहीत. मेलेलं तसंच ठेवून गेलं तर ते मरण अंगाला चिकटतं. त्यांच्या आळीत याची पक्की रीत झाली होती. ज्याचं हसणं राहिलं त्याला बोटीवर घेत नाहीत. समुद्रावर एकाचं चिकटलेलं सगळ्यांना भोवतं.

"पन इथं कॅमेरा नाय," आत्या म्हणाली. "चित्र हाय. मंग चित्रानच हसायला पायजे."

आणि दादाने गोष्टीत तशी सोय खरंच करून घेतली होती. लेखकाला पटवून शेवटचं पान बांधलं होतं. जमात चिखलात निपचित पडते, अंगं थंडगार होतात, चिंबोऱ्यांना वाटतं मेले. त्या निघून जातात. मग शेवटच्या पानावर हिराआत्या एक डोळा उघडते, आणि एकेक करून सगळी जमात चिखलातून उठून बसते आणि खदखदून हसते. त्याचं कच्चं रेखाटन दादाने तिथेच सगळ्यांना दाखवलं. ते हातोहात फिरलं. बालाने आपले दात मोठे काढलेत म्हणून तक्रार केली. मग ती माणसं निर्धास्त मेली.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी निखिलसरांनी आम्हाला केबिनीत बोलावलं. दादा, लेखक आणि मी. सर उत्साहात होते. मालिका चालली होती, दुसरा सीझन नक्की झाला होता.

"फक्त शेवट बदलायचा," म्हणाले. "जमात मरते. तिथेच संपवायचं. वाचक रागाने पेटला पाहिजे. सगळे उठून हसायला लागले, तर कमांडोने दुसऱ्या सीझनमध्ये सूड कसला घ्यायचा?"

लेखक लगेच हो म्हणाला. मी दादाकडे बघितलं. हा माणूस एका पात्राच्या नखासाठी दुपारभर भांडलेला मी पाहिला होता. फटाक्याची ठिणगी कुठे पडेल यावर त्याने सरांना जेवू दिलं नव्हतं. आता तो काय बोलतो याची मी वाट बघत होते.

"सर, ते शेवटचा पान..." त्याने सुरुवात केली.

"मोरू, आधी हे बघ," सर म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली.

शेवटच्या भागाचं मुखपृष्ठ होतं. दादाचीच चिंबोरी, पावसात, झाडांच्या वर उभी. आणि खाली, नायकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, 'चित्रे : मोरेश्वर तांडेल'.

दादाने चष्मा कपाळावर चढवला. पुन्हा डोळ्यांवर घेतला. आयुष्यभर वेष्टनांवर आणि कॅलेंडरांवर बिननावाचा राहिलेला माणूस स्वतःचं नाव बघत होता. त्याचा हात काचेकडे गेला आणि मध्येच थांबला.

"चालेल ना?" सरांनी विचारलं.

"ठीक आहे सर," दादा म्हणाला. शुद्ध भाषेत म्हणाला. मी त्याच्या तोंडून 'आहे' पहिल्यांदाच ऐकलं.

मीही गप्प बसले. फुगेवालीला कुणी विचारलं नव्हतं, हे खरं. पण चिखलाच्या कडेला मीही उभी होते, आणि ती रीत मीही ऐकली होती.

त्यानंतरचे शुक्रवार फार वाईट गेले. मढला पोरं-म्हातारे सगळे मोबाइलवर मालिका वाचत होते. आपला चेहरा आला की ओरडाआरडा व्हायचा, तो दादाच्या फोनमधून आम्हाला ऐकू यायचा. आत्या जेवणाच्या वेळेला व्हिडिओ कॉल करायची. आधी तो फोन टेबलावर उभा करून ठेवायचा, आम्ही सगळे तिच्याशी बोलायचो, आत्या आमच्या डब्यात काय आहे ते बघून नावं ठेवायची. आता फोन वाजला की दादा उठून जिन्यात जायचा. पण त्याचा आवाज जिन्यात मावणारा नव्हता.

"माजा हसना कवा रं?" आत्याचा आवाज.

"येल आत्या. फुडच्या आठवड्यान."

"मागच्या आठवड्यान बी फुडच्या बोललास."

"अगो, आदी मरना येल ना! मंग हसना."

"बाला इचारतो म्हनून इचारते. बोटी सुटायच्या आदी येल ना?"

"येल. बोल दे त्याला, येल."

परत येऊन तो थेट आपल्या जागेवर बसायचा. आता प्राचीच्या मागे उभा राहून तो काहीही विचारत नव्हता. तिने एकदा मुद्दाम गर्दीतली दहा एकसारखी माणसं काढून त्याच्याकडे बघितलं. त्याने मान फिरवली. तिला वाटलं दादा रागावलाय. तो रागावला नव्हता, त्याला लाज वाटत होती. लाजलेला आणि रागावलेला माणूस लांबून सारखाच दिसतो.

मी एकदा हिंमत करून म्हटलं, "दादा, त्यांना सांगून टाक ना. ते पान आलं नाही तरी वेगळं काढून दे."

"सांगतो," म्हणाला. "नारली पुनवेच्या आदी सांगतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मुखपृष्ठ बाहेर पडू दे. एकदा नाव बगू दे त्यांना. मंग ती काय नाय बोलायची."

त्याला खरंच तसं वाटत होतं. नाव बघितल्यावर सगळे आनंदात हसणं विसरतील, असं.

शेवटचा भाग आला, वर दादाच्या नावाचं ते मुखपृष्ठ. चिखल, पाऊस, आडवी पडलेली जमात. दादाने काढलेलं ते त्याचं सर्वांत सुंदर पान होतं, हे सांगतानाही मला कसंतरी होतं. प्रत्येक चेहरा ओळखू येत होता. आत्याचा चेहरा समोर, तिने मागितला होता तसा. तिच्या हाताच्या बाजूला मोकळी जागा होती, तिथे मी 'समाप्त' बसवलं.

मढहून एकही फोन आला नाही. त्या दुपारी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. दादा फोन उलटा करून ठेवायचा आणि दर थोड्या वेळाने सुलटा करून बघायचा. मुखपृष्ठाची मोठी छापील प्रत सरांनी त्याला गुंडाळून भेट दिली होती. ती त्याने घरी नेलीच नाही. ती बरेच दिवस पाणी पिण्याच्या मशीनमागे उभी होती.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुटल्या. दोन दिवसांनी दादा उशिरा आला आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"बालाला नाय घेतला," म्हणाला.

"कशावर?"

"दामूनाखव्याच्या बोटीवर. दरसाल जातो तो. चिखलान मेलेल्यांत बोटीवर जानारा तो एकलाच. नाखवा काय वाईट बोलला नाय. खांद्यावर हात ठेवला नि बोलला, या फेरीला रहा, तुमचा हसना राहिलाय. आई-पोरगा एकत्र मेलेत, एकत्र हसू दे, मंग ये." दादाने नाक ओढलं. "बाला काठावर उभा व्हता. बोट गेली तरी उभा व्हता. आत्या मना एक शब्द बोलली नाय. गेलो की वाढते तसा जेवन वाढला."

ते सांगताना त्याचा तो एवढा मोठा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. मला माझ्या आईचा प्रश्न आठवला. यंत्रांनी खरं कुणाला मारलं नव्हतं, हे ठाऊक होतं. तरी एक माणूस त्यांच्यामुळे किनाऱ्यावर बसला होता.

दादा केबिनीत गेला. ते पान नुसतं जोडायला, एखादी पुरवणी म्हणून टाकायला त्याने सांगितलं. सर वाईट वागले नाहीत. समजावून म्हणाले, "सीझन बंद झालाय मोरू, आता नाही होत. आणि एवढ्याशा समजुतीसाठी?" दादाने वाद घातला नाही. बाहेर आला, आपला ड्रॉवर रिकामा केला, आणि प्राचीला म्हणाला, "चिंबोऱ्या तू काड आता." मुखपृष्ठाची गुंडाळी त्याने पाहिलीसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी मी मढला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. आत्याच्या घरासमोरच्या अंगणात दादा एका पाटावर मांडी घालून बसला होता, मांडीवर लाकडी फळा, त्यावर मोठा कागद. खरा कागद, खरी पेन्सिल. समोर एक प्लास्टिकचं स्टूल. चिखलात जे जे मेले होते त्यांना तो एकेक करून बोलावत होता. मनाने काढायचं नाही, समोर हसायला हवं, ही त्याची अट तो स्वतःला सोडत नव्हता.

लोक येत होते. थोडे अवघडून येत होते, पण येत होते. तंबाखूवाले आजोबा बिनदातांचं हसले. एका शेजारणीला हसू आवरेना, तिला पाणी द्यावं लागलं. बाला स्टुलावर बसून आधी सदऱ्याचं बटण लावत राहिला. मग बाला म्हणाला, "दात बारीक काड, आदी मोठे काडलेस." आणि ओशाळून हसला. दादाने ते ओशाळं हसू तसंच काढलं. कागद भरत आला. मधोमध एक जागा राहिली.

आत्या दारात बसून कोलंबी सोलत होती. ती इतका वेळ तिथेच होती आणि इतका वेळ तिने कागदाकडे बघितलं नव्हतं. शेवटी बाला तिच्याजवळ जाऊन काहीतरी हळूच बोलला. तिने हात धुतले, लुगड्याला पुसले आणि येऊन स्टुलावर बसली. पाठ ताठ. दादाने पेन्सिल उचलली.

"आदी सांग," आत्या म्हणाली. "फुडच्या आठवड्यान, फुडच्या आठवड्यान बोलत व्हतास, तवा तुला म्हायती व्हता? ते पान येनार नाय म्हनून?"

अंगणात आम्ही सगळे होतो. शेजारीण पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती. मला वाटलं दादा सरांचं नाव सांगेल. सांगितलं असतं तर खोटंही नव्हतं.

"व्हता," दादा म्हणाला. "म्हायती व्हता."

आत्याने मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. एकदा बालाकडे बघितलं. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, हनुवटी वर केली, आणि हसली.

दातांच्या दोन्ही रांगा दाखवत, गाल वर चढवत, कितीतरी कॅमेऱ्यांसमोर हसली असेल तसं, अगदी पक्कं आणि भरघोस हसू. डोळे तेवढे दादावर स्थिर होते. ते हसत नव्हते. आणि तिने ते हसू तसंच धरून ठेवलं.

"काड," ती ओठ न हलवता म्हणाली. "बाला उद्या जायाचा हाय."

दादाने काढायला घेतलं. तो नेहमी चेहऱ्यापासून सुरुवात करायचा. त्या दिवशी त्याने आधी लुगड्याचा काठ काढला, मग गुडघ्यावरचे हात, मग खांदा, मग पदर. तिथे आल्यावर त्याला वर बघावंच लागलं. तो वर बघायचा, एक रेघ मारायचा, आणि पुन्हा खाली बघायचा. त्याच्या नाकाच्या टोकावरून एक थेंब कागदावर पडला, तो त्याने मनगटाने टिपला. आत्याचे गाल थरथरायला लागले होते. तिने हसू सोडलं नाही.

"जाला?"

"जाला, आत्या."

हसू तिथल्या तिथे गेलं. तिने दोन्ही तळव्यांनी गाल चोळले, उठली, चित्र न बघता दारात गेली आणि कोलंबीचं ताट पुढ्यात ओढलं. बालाने कागद उचलून नाखव्याला दाखवायला नेला. दादा रिकामा फळा मांडीवर घेऊन तसाच बसला होता, समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत. मी "येते दादा" म्हटलं, त्याने मान वर केली नाही.